तारेचं पातेलं

चोरलेल्या विजेच्या तारेतून ओतलेलं पातेलं खाणाऱ्याला कमी बाधण्याची शक्यता आहे, आणि रीतसर पैसे मोजून घेतलेल्या भंगारातून ओतलेलं जास्त. वाक्य अडचणीचं आहे. पण ते बाजूला सारून केबलचोरीवर बोलायला बसलं की बोलणं लगेच दोन मळलेल्या वाटांना लागतं. एक वाट दंडुक्याची : तार कापणारा, ती विकत घेणारा भंगारवाला आणि ती वितळवणारा ओतारी, सगळे एकाच माळेचे मणी, भट्ट्या विझवा म्हणजे चोऱ्या थांबतील. दुसरी वाट जिव्हाळ्याची : हातानं भांडी ओतणारी गरीब माणसं, त्यांची परंपरागत कला, त्यांच्या मुशीत काय पडतं हे विचारणारे आपण कोण? पहिलीत चोर सापडत नाही आणि दुसरीत जेवणाऱ्याचा विचार नाही. म्हणून मी त्या अडचणीच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

हवेतून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा तांब्याच्या असतात असा आपला सर्वसाधारण समज असतो. बहुतेक ठिकाणी त्या ॲल्युमिनियमच्या असतात : मधे पोलादी तारांचा गाभा, कारण ताण सोसायला पोलादच हवं, आणि त्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारांचे पीळ. वीज वाहून नेणारं हे ॲल्युमिनियम किमान ९९.५ टक्के शुद्ध ठेवतात. भेसळ वाढली की विजेला होणारा रोध वाढतो, तार तापते, वीज वाया जाते. म्हणजे खांबावर टांगलेला हा धातू भंगारात येणाऱ्या कुठल्याही ॲल्युमिनियमपेक्षा स्वच्छ.

आता ओताऱ्याच्या अंगणातला दुसरा ढीग पाहा. त्यात गाड्यांच्या इंजिनांचे तुकडे, रेडिएटर, पेयांचे चेपलेले डबे, संगणकाचे सुटे भाग, खिडक्यांच्या चौकटी. यातली एकही वस्तू स्वयंपाकासाठी बनलेली नव्हती. इंजिनाच्या ओतीव भागांत सिलिकॉन असतं, ते ओताऱ्याला हवंच असतं, कारण त्यानं रस साच्यात सहज पसरतो आणि भांडं थंड होताना तडकत नाही. पण रेडिएटरच्या डागकामातून आणि सुट्या भागांतून शिसंही येतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांनाच. वरची मळी पळीनं निपटून टाकली की रस आरशासारखा दिसतो, आणि त्यात शिसं आहे की नाही हे ओतणाऱ्याला कितीही अनुभव असला तरी डोळ्यांनी कळत नाही. भांडं वापरात आलं, त्यात काही आंबट रटरटू लागलं, की ते थोडं थोडं अन्नात उतरतं.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा विकसनशील देशांतली ४२ ॲल्युमिनियमची भांडी तपासली होती. एक तृतीयांशाहून जास्त भांड्यांतून शिसं धोकादायक प्रमाणात बाहेर पडत होतं. त्याआधी त्याच संशोधकांनी कॅमेरूनमधली हातानं ओतलेली भांडी तपासली होती आणि तिथलं चित्रही असंच होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं आढळलं, आरोग्य खात्यानं शोध घेतला, तर संशय घरातून सोबत आणलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आणि प्रेशर कुकरांवर आला. त्या राज्यानं २०२४ मध्ये भांड्यांतल्या शिशावर मर्यादा घालणारा कायदाच केला. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलांना चालते असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. निर्धोक मात्रा अशी माहीतच नाही, असं ती म्हणते.

यावर परंपरेच्या कैवाऱ्यांचं उत्तर असतं की अशी भांडी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. इथे थोडं थांबून ‘पिढ्यान्‌पिढ्या’ म्हणजे किती, ते मोजायला हवं. धातुकातून ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली सापडली, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांना एकमेकांच्या नकळत. त्याआधी हा धातू इतका दुर्मीळ होता की १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मिरवायला त्याचा एक लहानसा सुळका बसवला. आणि ती रीत आहे विजेची : एक किलो ॲल्युमिनियम करायला साधारण चौदा युनिट वीज लागते. तेव्हा ॲल्युमिनियमचं कुठलंही पातेलं, ते कितीही पारंपरिक म्हणवलं तरी, विजेच्या युगाच्या अलीकडचंच आहे. तार आणि पातेलं ही सख्खी भावंडं. एकाच धातूनं दोन घरी संसार मांडला एवढंच.

लोखंडी भांड्याचीही गोष्ट फार वेगळी नाही. दक्षिण आफ्रिकेतलं तीन पायांचं काळं पोटफुगं भांडं आज तिथल्या लग्नकार्यातली ‘आपली’ वस्तू मानलं जातं. त्याच्या घराण्याचा माग काढत गेलं तर आपण पोचतो इंग्लंडात, अब्राहम डार्बी नावाच्या कारखानदारापाशी. ब्रिस्टलमध्ये त्याचं पितळेचं काम होतं. डच कारागीर वाळूच्या साच्यात पितळेची भांडी ओततात हे त्यानं पाहिलं, आणि तेच स्वस्त लोखंडात करता येईल का याच्या मागे तो लागला. १७०७ मध्ये लोखंडाची पोटाळ भांडी वाळूत ओतण्याचं पेटंट त्यानं मिळवलं. दोन वर्षांनी कोलब्रुकडेल इथे त्यानं लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळलं आणि पुढे सगळी औद्योगिक क्रांती त्या भट्टीकडे बोट दाखवू लागली. शाळेच्या पुस्तकांत कोकची गोष्ट येते, भांड्याची गळते. पण त्याला भट्टी हवी होती ती भांड्यांसाठी. अशी भांडी मग जहाजांतून, बैलगाड्यांतून, मिशनऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सामानातून आफ्रिकेत गेली, आणि काही पिढ्यांत तिथलीच झाली.

मला यात कमीपणा दिसत नाही. बाहेरून आलेली वस्तू आपल्या चुलीवर चढली, आपल्या हाताला सरावली की ती आपली. माझा आक्षेप फक्त एवढाच, की ‘परंपरा’ हा शब्द धातूच्या चौकशीवर पांघरूण म्हणून घालू नये. परंपरा असते ती आकाराची, ओतण्याच्या हातोटीची आणि वाळू दाबण्याच्या कसबाची. मुशीत पडणाऱ्या मालाला परंपरा नसते. तो दर आठवड्याला, जे काट्यावर येईल तसा बदलतो.

भाषासुद्धा हेच सांगते. पूर्व आफ्रिकेत ॲल्युमिनियमच्या पातेल्याला स्वाहिलीत ‘सुफुरिया’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, आणि अरबीत त्याचं नातं पितळ-तांब्याशी आहे. धातू बदलला, नाव राहिलं. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. आपण स्टीलच्याच काय, प्लॅस्टिकच्या भांड्यालाही ‘तांब्या’ म्हणतो. कॅमेरूनच्या ओतीव भांड्याचं नाव ‘माकोकोत’, त्यात फ्रेंच ‘कोकोत’, म्हणजे झाकणाचं पातेलं, सरळ ऐकू येतं. भांड्याच्या नावावरून ते पहिल्यांदा कुणाकडून आलं याची चाहूल लागते. आत्ता ते कशातून आलं आहे, याचा पत्ता मात्र नावात नसतो.

मग तो पत्ता कुठे असतो? वितळलेला धातू सगळं विसरतो असं म्हणायची पद्धत आहे, आणि चोराचा सगळा धंदा याच विसरण्यावर चालतो. खांबावरून उतरवलेली तार तासाभरात भट्टीत गेली की तिच्यावरची खूण, तिचा पीळ, तिची लांबी, सगळं गेलं. पण हे पूर्ण खरं नाही. बेनिनच्या जुन्या राज्यातले, म्हणजे आजच्या नायजेरियातले, जगप्रसिद्ध पितळी पत्रे आणि मुखवटे ज्या धातूतून घडले, तो युरोपी व्यापाऱ्यांनी आणलेल्या ‘मनिला’ नावाच्या कड्यांतून आला असावा हा तर्क जुना होता. या कड्यांनी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत मिरी आणि हस्तिदंत विकत घेतलं, आणि माणसंही. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी बुडालेल्या जहाजांतली कडी आणि बेनिनचा धातू यांच्यातल्या शिशाचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, ज्यांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं, ताडून पाहिले, आणि माग जाऊन पोचला जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडच्या खाणींपर्यंत. कडी वितळली, मूर्ती झाल्या, काही शतकं गेली. शिशानं तरीही चुगली केली.

ज्या शिशानं इतिहासाला मदत केली तेच शिसं आज जेवणात उतरतं, हा योगायोग मला सोडवत नाही. पण व्यवहारात त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक पातेल्याची समस्थानिक चाचणी कोण करणार, आणि दहा ठिकाणचं भंगार एका मुशीत कालवल्यावर ती सांगणार तरी काय? धातू ओळखायचा असेल तर तो वितळण्याआधी ओळखायला हवा. ही एवढी एक गोष्ट मान्य केली की केबलचोरीवरच्या बऱ्याच उपायांची परीक्षा घेता येते.

आधी चोरीचा आकार पाहू. मे २०२५ मध्ये स्पेनमध्ये माद्रिद ते सेव्हिल या वेगवान रेल्वेमार्गावरून तांब्याची केबल कापून नेली. दहा हजारांहून जास्त प्रवासी अडकले, कित्येकांची रात्र गाडीत गेली. चोरलेल्या मालाची किंमत, तिथल्या वाहतूकमंत्र्यांच्या म्हणण्यानुसार, हजार युरोंच्या आत होती. लॉस एंजेलिसमध्ये २०२२ साली मोठ्या थाटात उघडलेला सिक्स्थ स्ट्रीट पूल पुढे अंधारात गेला, कारण त्यातून सुमारे ११ किलोमीटर तार नाहीशी झाली. भंगारात तिचे सुमारे ११ हजार डॉलर आले असतील. दिवे पुन्हा लावायचा खर्च निघाला २५ लाख डॉलर. म्हणजे चोराला एक मिळतो तेव्हा इतरांचे दोनशेहून जास्त जातात. आणखी एक प्रकार आहे त्याच्या बातम्या होत नाहीत : जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या तारांची चोरी. ती गेली तरी दिवे चालू राहतात, यंत्रं चालतात, कुणाला काही कळत नाही. कळतं ते पहिला दोष निर्माण होतो तेव्हा, आणि तेव्हा यंत्राला हात कुणाचा लागलेला असेल ते सांगता येत नाही.

ही सगळी उदाहरणं तांब्याची आहेत, हे सावध वाचकाच्या लक्षात आलं असेल. तांबं पातेल्यात जात नाही. ते वितळायला १०८५ अंश लागतात, कोळशाच्या साध्या भट्टीत ते ओतणं जिकिरीचं, आणि किलोमागे भाव इतका की त्याचं पातेलं करणं ओताऱ्याला परवडणारच नाही. चोरीचं तांबं वरचं आवरण जाळून किंवा सोलून काढल्यावर लहान भंगारवाल्याकडून मोठ्याकडे, मोठ्याकडून आणखी मोठ्याकडे आणि शेवटी कंटेनरमधून बंदराकडे जातं. ओताऱ्याच्या मुशीत येते ती फक्त ॲल्युमिनियमची तार, चोरीच्या व्यापारातला धाकटा वाटा. पण धाड कुणावर पडते? ज्याची भट्टी उघड्यावर पेटलेली असते आणि धूर लांबून दिसतो त्याच्यावर. कंटेनरमधून धूर निघत नाही.

केनियात याचा अनुभव आला. ११ जानेवारी २०२२ ला नैरोबीजवळ उच्चदाबाच्या वाहिनीचे मनोरे कोसळले आणि देशभर वीज गेली. मनोऱ्यांचे भाग चोरल्यामुळे ते ढासळले असं आढळलं. नऊ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी भंगार धातूच्या निर्यातीवर आणि देशांतर्गत व्यापारावरही बंदी जाहीर केली. त्या देशात लहान कारागिरांच्या सबंध क्षेत्राला ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक ऊन. डोक्यावर छप्पर नसताना काम करणारी ही माणसं. मनोऱ्याचे नट काढणारा आणि जुन्या पत्र्यापासून चूल ठोकणारा एकाच हुकुमाखाली आले. काही महिन्यांत, त्याच वर्षी मे मध्ये, बंदी उठवावी लागली. दक्षिण आफ्रिकेनं ३० नोव्हेंबर २०२२ पासून भंगाराच्या निर्यातीवर बंदी घातली, सहा महिन्यांची म्हणून, आणि मग ती वाढवत नेली. निर्यात रोखणं हे देशातला व्यापारच रोखण्यापेक्षा शहाणपणाचं, कारण ते साखळीच्या जाड टोकाला हात घालतं. पण सहा महिन्यांचा उपाय वाढवत न्यावा लागतो तेव्हा त्याखाली कायमचं काही उभं राहिलेलं नाही, असाच अर्थ मी काढतो.

ब्रिटननं वेगळी गोष्ट केली. डिसेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगारासाठी रोख पैसे देण्यावर बंदी आली, आणि २०१३ च्या कायद्यानं परवाना व विकणाऱ्याची ओळख तपासणं सक्तीचं झालं. चोऱ्या घटल्या. त्याच काळात तांब्याचे जागतिक भाव २०११ च्या शिखरावरून उतरत होते, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही. तरी दिशा मला बरोबर वाटते, कारण हा उपाय धातू वितळण्याआधीच्या क्षणाला गाठतो : काट्यासमोर, तार अजून तार असताना. चोराला हवी असते रोख रक्कम, आत्ता, नाव न सांगता. त्यातलं ‘आत्ता’ आणि ‘नाव न सांगता’ काढून घेतलं की उरतो फक्त धातू, आणि नुसत्या धातूसाठी रात्री खांबावर चढून जीव धोक्यात घालणारे फार थोडे.

पण जिथे बहुसंख्य व्यवहार रोखीचे आहेत, भंगार वेचणाऱ्याकडे बँकेचं खातं नाही, तिथे हा कायदा जसाच्या तसा उचलला तर त्याचं वजन पुन्हा हातगाडीवाल्यावरच पडेल. म्हणून माझं म्हणणं असं, की पुराव्याचं ओझं खालून वर वाढत जावं. डबे आणि पत्रे घेऊन आलेल्याला कुणी काही विचारू नये. तारेचं वेटोळं घेऊन आलेल्याला मात्र विचारावं, कारण तारेला मालक असतोच. घरोघरी कुणाकडे वाहिनीची जाड तार जुनी होऊन पडलेली नसते. आणि ज्याच्याकडे टनांनी माल साठतो, जो गाळतो किंवा जहाजावर चढवतो, त्याच्याकडे प्रत्येक टनाचा कागद असलाच पाहिजे, नसेल तर माल जप्त. सध्या बहुतेक ठिकाणी उलटं आहे : तपासाची कडकी खाली, आणि वर जावं तशी नरमाई.

आता पुन्हा ओताऱ्याकडे. कायद्याच्या भीतीनं त्यानं तार घेणं थांबवलं असं समजू. तो काय वितळवेल? रेडिएटर आणि इंजिनं. म्हणजे चोरी थांबवण्यात आपण यशस्वी झालो तर पातेल्यात शिसं वाढेल. सुरुवातीच्या अडचणीच्या वाक्याचा चटका बसतो तो इथे. वीजपुरवठ्याचं खातं आणि आरोग्याचं खातं वेगवेगळ्या इमारतींत बसतात, त्यामुळे हा चटका दोघांपैकी कुणालाच जाणवत नाही.

वीजकंपन्यांकडे स्वतःच्या जुन्या तारा असतात. वाहिन्या बदलल्या जातात, जास्त क्षमतेच्या तारा चढतात, जुन्या उतरतात आणि गोदामात पडतात. मग त्यांचा लिलाव होतो, मोठ्या लॉटमध्ये, अनामत रकमेसह. चार मुशी चालवणारा माणूस त्या दारातून आत शिरूच शकत नाही. ज्या धातूसाठी रात्री चोरी होते तोच धातू दिवसा, कायदेशीर, भिंतीपलीकडे पडून असतो.

तो ओताऱ्यांना द्यावा, पण तारेच्या रूपात मुळीच नाही. यावर मला पुष्कळ विचार करावा लागला, कारण पहिला आक्षेप रास्त आहे : निवृत्त तार म्हणून दिलेल्या मालाच्या आडून चोरलेली तार खपेल, पावती एक आणि माल दोन. म्हणून ती कंपनीनं किंवा एखाद्या ओतशाळेनं आधीच वितळवावी, ओतायला सोपं जावं इतकं सिलिकॉन मोजून मिसळावं, शिसं तपासावं आणि छाप मारलेल्या लगडी कराव्यात. लगडीला तारेचा आकार नसतो. ओताऱ्यांच्या सहकारी संस्थेला लगडी वजनावर मिळू लागल्या की त्यांच्या अंगणात तार असण्याचं कारणच संपतं, आणि ज्याच्या अंगणात ती तरीही सापडेल त्याला प्रश्न विचारताना पोलिसांना परंपरा, गरिबी, पोटापाण्याचा धंदा यांतलं काही आड येणार नाही. जेवणाऱ्याला शिशाविना पातेलं मिळेल ते वेगळंच.

दुसरा आक्षेप ओतारीच घेईल, आणि तो जास्त चोख असेल. लगड भंगारापेक्षा महाग पडणार. गिऱ्हाईक पातेलं वाजवून पाहतं, किंमत विचारतं, आत शिसं आहे का विचारत नाही. मग वरचा फरक कोण देणार?

माझ्या मते वीजकंपनीनं द्यावा. दान म्हणून नव्हे, विम्याचा हप्ता म्हणून. अकरा हजारांच्या तारेसाठी पंचवीस लाख मोजायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना जुन्या तारेच्या लिलावात चार पैसे कमी आले तर हिशेब बुडत नाही. आणि त्यांच्या लेखापालाला हे पटत नसेल, तर त्यानं एकदा स्वतःच्या गोदामात जाऊन लिलावाची वाट पाहत पडलेली जुन्या तारेची रिळं मोजावीत, आणि त्याच वर्षी चोरीमुळे नव्यानं विकत घ्यावी लागलेली रिळं किती, ते शेजारच्या रकान्यात लिहावं.